साहेब, म्हातारपण कुठं काढता?

आपल्या शिकल्यासवरल्या थरात सध्या एक प्रश्न फार चघळला जातो. तो बेकारीचा नाही. रखडलेल्या शिष्यवृत्तीचा नाही. ठेकेदारीत वाहून गेलेल्या राखीव जागांचाही नाही. प्रश्न असा आहे की दुसरं घर कुठं घ्यावं?

पहिलं घर झालं आहे. बँकेचं कर्ज फिटत आलं आहे. नोकरीची पाचसात वर्षं उरली आहेत. आता सुट्टीत जायला एक घर पाहिजे, आणि रिटायर झालं की तिथंच जाऊन कायमचं राहायचं. चिखलदऱ्याला घ्यावं की पचमढीला? पेंचच्या जंगलाकडं फार्महाऊस पाहावं की रामटेकच्या वाटेवर प्लॉट? ज्याचा पोरगा पुण्यात आहे तो लोणावळा म्हणतो. ज्याची पोरगी परदेशात आहे तो गोवा म्हणतो. लग्नाच्या मांडवात हेच, पुण्यानुमोदनाच्या जेवणात हेच, १४ एप्रिलच्या तयारीच्या मिटिंगीत वर्गणीचा विषय निघाला की तो टाळायलाही हेच.

दोस्तहो, हे हसण्यावारी नेऊ नका. माणूस म्हातारपण कुठं काढायचं हे ठरवतो, तेव्हा आपली माणसं कोण हेही तो ठरवून टाकतो. म्हणून या प्रश्नाला हात घालतो आहे.

मी बुटीबोरीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. तीन पाळ्या. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण वस्तीतल्या एका काकांच्या कपाटातून झालं. काका मंत्रालयाच्या खालच्या एका खात्यात कारकून म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांनी मला शब्दकोश कसा पाहायचा ते शिकवलं. माझी पहिली कविता त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केली. तेच काका आता वस्ती सोडून जंगलाच्या काठी जाणार म्हणतात. म्हणजे मी कुणा परक्याविरुद्ध लिहीत नाही. ज्यांच्यामुळं लिहू शकतो त्यांच्याशीच भांडतो आहे.

आधी एक साफ करतो. आपल्या माणसानं घर घेतलं, गाडी घेतली, एसी लावला, की ज्यांच्या पोटात दुखतं त्यांतला मी नाही. आपल्या पणजोबांना गावाबाहेर कुडाची भिंत होती, दाराला फळी नव्हती. आता सिमेंटचं घर झालं, नावाची पाटी लागली, पाटीवर आडनाव आलं, ते आडनाव न लपवता आलं. हे सगळं लढून मिळवलेलं आहे. साधेपणाचा उपदेश आपल्याला नेहमी तेच करतात ज्यांचे वाडे सात पिढ्यांचे आहेत. तो उपदेश मी करणार नाही. विसावा हा हक्क आहे. मी एवढंच विचारतो की हा विसावा कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या पाण्यावर, कुणाच्या शेजारात आणि कुणाला मागं टाकून?

थंड हवेचं घर ही कल्पना आली कुठून ते पाहा. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. नागपूरचा मे महिना गोऱ्या साहेबाला सोसवेना. मग पचमढी शोधली गेली. कॅप्टन फोर्सिथ तिथं १८५७ मध्ये पोचला असं सांगतात, १८६२ मध्ये त्याचा बायसन लॉज उभा राहिला, आणि पुढं मध्य प्रांताचं सरकारच उन्हाळ्यात वर जायला लागलं. ‘शोध’ हा शब्दही त्यांचाच. तिथं गोंड होते, कोरकू होते. तिथला कोरकू जहागीरदार भभूतसिंग इंग्रजांशी लढला, १८६० मध्ये त्याला मारलं गेलं. त्यानंतर दोनच वर्षांनी बंगला. आधी माणूस काढायचा, मग व्हरांडा बांधायचा, मग तिथं बसून म्हणायचं, वा, काय शांतता आहे!

चिखलदऱ्याचंही तेच. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. इतिहास सांगतो की हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं ते १८२३ मध्ये शोधलं. मेळघाटातला कोरकू तेव्हा काय हरवलेला होता? १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. कोरकूंची गावं उठवून पायथ्याला आणून बसवली. १९९० नंतर तिथली कुपोषणानं मेलेली पोरं वर्तमानपत्रात आली, विधानसभेत आली, कोर्टात आली. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सहज घेता येऊ नये म्हणून १९७४ मध्येच कायदा कडक करावा लागला. कायदा का करावा लागतो? जमीन चालली होती म्हणून. त्या डोंगरावर वाघासाठी माणूस खाली उतरवला जातो आणि आपण खालून वर चढून ‘व्ह्यू’ असलेली बाल्कनी शोधतो. आपण कुणाच्या ओळीत उभे राहतो आहोत ते एकदा आरशात पाहू या. फोर्सिथच्या की भभूतसिंगाच्या?

काकांना हे सांगितलं. काका म्हणाले, बरं, डोंगर नको. साधं गाव घेऊ. दोन एकर, विहीर, चार संत्र्याची झाडं. गावात शांतता असते.

गावात शांतता असते! हे वाक्य आपल्या तोंडी कसं आलं? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं जे वर्णन केलं ते आपण पाठ केलं आहे, की खेडं म्हणजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयवादाची गुहा. तेव्हा अख्खं सभागृह खेड्याच्या प्रेमात होतं. बाबासाहेबांनी आपल्याला शहराकडं वळवलं ते शहरात सिनेमे असतात म्हणून नाही. शहरात विहिरीऐवजी नळ असतो, पाटलाऐवजी भाड्याची पावती असते, म्हणून.

आणि फार मागं जायला नको. खैरलांजी नागपूरपासून किती लांब? भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबाकडं काय होतं? थोडी शेती, पोरांचं शिक्षण आणि मान खाली न घालायची सवय. भांडणाच्या मुळाशी त्यांच्याच शेतातून जाणारा रस्ता होता. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. चौघांना सगळ्या गावादेखत मारलं. कोर्टानं शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. भैयालाल २०१७ मध्ये इथं नागपुरातच गेले. जमिनीचा सातबारा त्यांच्याकडं होता हो! सातबाऱ्यावर नाव होतं, गावाच्या मनात नव्हतं.

मग काका, तुम्ही ज्या गावात दोन एकर घेता तिथं तुमचं नाव कुठं लिहिलं जाईल? सरकारी गाडीतून उतरत होता तोवर सरपंच ‘साहेब’ म्हणत होता. खुर्ची गेली की साहेबाचं आडनाव उरतं. आणि ७२ वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, पोरं पुण्यात, बांधावरून वाद झाला, तर रात्री कुणाला हाक मारणार? बौद्धवाड्यातल्या पोरांनाच ना! ज्यांच्या घरी तुम्ही वास्तू झाल्यापासून एकदा चहाला गेला नाहीत त्यांनाच.

तिसरी तऱ्हा आहे पैसेवाल्याची. कंपनीनंच गाव बांधायचं, कंपाउंड घालायचं, आत फक्त ‘आपल्यासारखी माणसं’. पुण्याकडं मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या काठावर लवासा उभं राहिलं. इटलीच्या गावाची नक्कल. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायची नोटीस दिली. २०११ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. ज्यांनी म्हातारपणाची पुंजी घातली ते अर्धवट इमारतींकडं पाहत बसले. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीवर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं जप्ती आणली, लिलाव काढायला लावला. म्हणजे तळ्याकाठचं चित्र छापलेल्या कागदावर विश्वास ठेवून मोठेमोठे फसले. आपण तर पहिल्या पिढीचे पैसेवाले. आपल्यामागं बुडालेली रक्कम भरून काढणारा मामा नाही, सासरा नाही, जमीन नाही.

नागपुरात तर प्लॉटचा बाजार बारमाही. वर्धा रोड, उमरेड रोड, काटोल रोड, जिकडं जाल तिकडं चुन्याच्या रेघा आणि रंगीत झेंड्या. रविवारी फुकट गाडी, फुकट पोहे, प्लॉट दाखवून आणतात. पोरांनो, तुमच्या घरचे जाणार असतील तर एवढं त्यांच्या कानावर घाला. शेतजमीन कुणालाही घेता येत नाही, शेतकरी असल्याचा कागद लागतो, आणि ‘तो आम्ही काढून देऊ’ म्हणणारा माणूस तुम्हाला खोट्या कागदात गुंतवतो. एनए झालं का, नकाशा मंजूर आहे का, आरएल निघालं का, हे झेरॉक्सवर न पाहता कचेरीत जाऊन पाहायचं. सातबारा आजचा काढायचा, फेरफार मागचा वाचायचा, बँकेचा बोजा आहे का पाहायचं, भोगवटादार वर्ग १ की २ ते पाहायचं. या शहरात शेकडो लेआउट आधी बसले आणि नियमित व्हायला त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आणावा लागला तो याच गोंधळामुळं. त्या लेआउटांत सगळ्यात जास्त कुणाचे पैसे अडकले? शिपाई, वॉर्डबॉय, बस कंडक्टर, गिरणी कामगार. आमचेच.

आणि वतनाच्या जमिनींकडंही पाहा. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली. महार वतनाच्या जमिनी सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत, तरी त्या बांधणाऱ्यांच्या घशात कशा जातात ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार उजेडात आला आणि चौकशी लागली. आपल्या जमिनी अशा जातात आणि आपण फार्महाऊसच्या जाहिराती वाचत बसतो.

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. २००४ पासून राज्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन गरीब कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन द्यायची. योजनेला ज्यांचं नाव दिलं त्या दादासाहेबांच्या हाकेवर डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले, बाया लेकरं कडेवर घेऊन गेल्या. त्या लढ्याचं आज काय झालं? अर्ज करणारा भूमिहीन समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतो, त्याला सांगतात की सरकारी भावात जमीन विकायला कुणी तयार नाही. का तयार होईल? त्याच बांधावर फार्महाऊसवाल्याची गाडी उभी आहे, एकराचे नाही तर गुंठ्याचे भाव बोलते आहे. काका, तुमच्या चार संत्र्याच्या झाडांनी कुणाची तूर उपटली ते कळतं का? तुम्ही वर्षातून वीस दिवस ज्या जमिनीवर झोपाळ्यावर बसाल, तिच्यावर एक घर बारा महिने जगलं असतं. आणि त्याच घरचा माणूस तुमच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसेल, त्याची बायको तुमची भांडी घासेल, आणि तुम्ही पाहुण्यांना सांगाल, फार इमानदार आहेत हो, आपल्यातलेच आहेत.

आता आमच्या म्हाताऱ्यांकडं या.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. पुस्तकात लिहिलेलं असतं की जमशेदजी टाटांनी तिथं १८८६ मध्येच पेन्शन फंड काढला. चांगलं केलं. या शहराचा आंबेडकरी समाज गिरणीच्या भोंग्यावर उठला, गिरणीच्या पगारावर त्यानं पोरं शिकवली, त्या पोरांतूनच तुमच्यासारखे साहेब झाले. पण जात फाटकाबाहेर राहिली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. जागेवर मॉल उभा राहिला.

माझे आजोबा एका जुन्या गिरणीत होते. कापसाची धूळ छातीत घेऊन गेले. आजीला विधवेची पेन्शन आहे. २०१४ च्या सप्टेंबरपासून सरकारनं कामगारांच्या पेन्शनीची खालची मर्यादा महिन्याला १००० रुपये केली, आणि ती वाढवा म्हणून म्हातारी माणसं काठ्या टेकत दिल्लीपर्यंत जाऊन आली. १००० रुपयांत कुठलं ठिकाण निवडायचं सांगा. माझं तर त्याहून वाईट. पेन्शनीला १० वर्षं नोकरी भरावी लागते आणि वय ५८ व्हावं लागतं. मी ठेकेदाराचा माणूस. अकरा महिने झाले की कागदावर मी मरतो आणि दुसऱ्या नावाच्या कंपनीत जन्म घेतो. माझी दहा वर्षं कोण मोजणार?

मी आजीला विचारलं, तुला म्हातारपणात कुठं राहावं वाटते? थंड हवेत नेऊ का? ती म्हणाली, “मले काय करा लागते थंड हवा? नळाले पाणी येवाले पाह्यजे. मेडिकलले जावाले बस पाह्यजे. अन् मेली त खांदा देवाले चार पोट्टे पाह्यजेत. बाकी हवा काय, पंखा देते.”

शहरातल्या कुठल्याही सल्लागारानं एवढ्या थोडक्यात सांगितलं नसतं. आजीचं मोजमाप घ्या आणि तुमच्या चिखलदऱ्याला लावून पाहा. पाणी? डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याची बोंब ठरलेली. दवाखाना? छातीत कळ आली तर घाट उतरून परतवाडा, पुढं अमरावती. ती पोचेपर्यंत दम धरायला हवी. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, गर्दी असली तरी रात्री दोन वाजता दार उघडं आहे. आणि खांदा? सुट्टीच्या घरांच्या वस्तीत मंगळवारी दुपारी माणूस गेला तर शनिवारपर्यंत कुलपंच कुलपं. एखाद्या सोसायटीत आडनाव विचारून, ताटात काय असतं ते विचारून घर देतात. जिवंतपणी ज्यांना आपलं ताट चालत नाही ते मेल्यावर तिरडी धरतील?

सत्तरीत माणसाला बोलायला माणूस लागतो. कुणाशी बोलणार आहात काका? मोराशी?

काकांचं म्हणणं मी अर्धवट मांडणार नाही. ते म्हणाले, “बाबू, तू पोरगा आहेस. मी चौतीस वर्षं त्या खात्यात काढली. बढती आली की ‘कोट्यातला’ हा शब्द पाठीमागून ऐकला. पाण्याचा ग्लास वेगळा नव्हता, पण नजर वेगळी होती. घरी आलो की वस्ती. नाली तुंबलेली, डीजे, दारू, वर्गणीवरून मारामाऱ्या, निवडणूक आली की एका गल्लीत पाच गट आणि पाच झेंडे. प्रत्येक मिटिंगीत मी, प्रत्येक पोलीस ठाण्यात मी, प्रत्येकाचा अर्ज मी लिहायचा. मला एकदा तरी दार लावून बसू दे. समाजाचं कर्ज फेडून झालं माझं.”

हे खोटं नाही. थकलेल्या माणसाचं हे बोलणं आहे आणि त्याला उलटून बोलताना माझीही जीभ जड होते. नाली तुंबलेली आहे. डीजे आहे. गट आहेत. पण काका, नाली का तुंबलेली राहते? महानगरपालिकेला जो पत्र लिहू शकतो, इंजिनियरला नियम क्रमांक सांगू शकतो, तो एकेक करून वस्तीतून जातो म्हणून. आधी डॉक्टर गेले. मग प्राध्यापक गेले. मग वकील गेले. इंदोरा, पाचपावली, रामबाग, पाहा कुणाच्या दारावर अजून पाट्या आहेत आणि कुणाच्या फक्त खुणा. मागं राहिलं कोण? ठेल्यावाला, मी, आजी, आणि डीजेवाला पोरगा. त्या पोराच्या हातात शब्दकोश द्यायला कुणीच उरलं नाही, म्हणून त्यानं स्पीकर घेतला. त्याचा आवाज तुम्हाला सहन होत नाही. तो आवाज तुम्ही रिकाम्या केलेल्या जागेतून येतो.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांचंही तळेगाव दाभाड्याला घर होतं. होतं. मधुमेहानं पोखरलेलं शरीर घेऊन ते हवापालटाला जात. कोण नाही म्हणतो? पण त्यांची घरं एकदा ओळीनं पाहा. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. मंत्रिपद सोडल्यावर दिल्लीत २६, अलीपूर रोडला राहिले, ते घर स्वतःचं नव्हतं. ६ डिसेंबर १९५६ ला तिथंच गेले. वय ६५. शेवटच्या रात्रीपर्यंत उशापाशी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना. या माणसाला रिटायरमेंट मिळाली नाही आणि त्यानं मागितलीही नाही. त्याच वर्षी १८ मार्चला आग्ऱ्याला ते काय बोलले? शिकलेल्यांकडून आशा होती, ते आपापली पोटं भरण्यात गुंतले, असं ते भरल्या गळ्यानं बोलले. त्या भाषणाला आपण दरवर्षी टाळ्या वाजवतो. ते भाषण टाळ्यांसाठी नव्हतं. ते आपल्याला उद्देशून होतं.

आणि धम्माचं बोलायचं तर धम्मात सुद्धा सुट्टीचं घर आहे. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी थांबायचं, त्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी जागा लागे. श्रावस्तीच्या अनाथपिंडकानं राजपुत्र जेताची बाग घेतली, जमिनीवर नाणी अंथरून तिची किंमत दिली असं सांगतात. एवढा मोठा सावकार. तळं होतं, सावली होती, थंड हवा होती. त्यानं तिथं स्वतःचं फार्महाऊस बांधलं नाही. संघाला दिली. म्हणून अडीच हजार वर्षांनी जेतवन हे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या काळात श्रावस्तीत ज्यांनी फक्त आपल्यापुरते वाडे बांधले त्यांतल्या एकाचं तरी नाव कुणी सांगावं.

तेव्हा नुसती शिवी देऊन थांबत नाही. सांगतो काय करायचं.

एक. रिटायर होणाऱ्या साहेबांनी वस्तीत राहावं, किंवा वस्तीपासून एका बसच्या अंतरावर राहावं. मोठं घर बांधा, वर बांधा, हवेशीर बांधा, झाडं लावा. आम्हाला त्याचा अभिमानच वाटेल. पोरांना दिसू द्या की आपल्यातला माणूस असंही राहतो.

दोन. दुसऱ्या घराचे पैसे आहेतच, तर दहा-वीस जणांनी मिळून रीतसर सहकारी संस्था काढा आणि एकच मोठं विश्रामघर बांधा. कागद चोख असलेल्या जागेवर, दवाखाना जवळ, पाणी बारमाही. तुम्ही जा, तुमची नातवंडं जाऊ द्या, आणि वर्षातले काही महिने गिरणीतल्या, बांधकामावरच्या, सफाई खात्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चार दिवस राहू द्या. माझ्या आजीनं जन्मात सुट्टी घेतलेली नाही. तिला थंड हवा नको आहे हे ती म्हणते, कारण तिला ती कधी कुणी विचारलीच नव्हती.

तीन. एक खोली अभ्यासिकेला. वीज, पंखा, टेबल, दोन वर्तमानपत्रं आणि तुमचं ते कपाट. काका, जंगलाच्या काठी ती पुस्तकं वाळवीला घालणार आहात का?

चार. तुमची खरी पुंजी बँकेत नाही, डोक्यात आहे. फाईल कुठं अडते, कुणाची सही लागते, कुठल्या नियमानं बोलायचं, हे तुम्हाला माहीत आहे. आठवड्याचे दोन तास द्या. एक तास पीएफ आणि पेन्शनवाल्यांसाठी. सबळीकरणाच्या अर्जासाठी दुसरा. चौतीस वर्षं सरकारचे कागद चालवले, आता दोन वर्षं आपल्या माणसांचे चालवून पाहा. दार लावून बसायचं असेल तर उरलेले पाच दिवस लावा, कडी आम्ही बाहेरून सांभाळू.

आणि दोस्तहो, तुम्हाला. तुम्ही मोर्चात पुढं असता. घोषणा देता. पण घरी आल्यावर बापाला विचारता का, की बाबा, प्लॉट कुठं पाहिला? विचारा. चांगल्या शब्दांत विचारा, भांडून नाही. सातबारा पाहायला त्यांच्यासोबत जा. त्यांना थकवा आला आहे, तो समजून घ्या आणि त्यांच्या खांद्यावरचं अर्धं ओझं आधी तुम्ही उचला. अर्ज लिहायला शिका. नालीच्या तक्रारीला तुम्ही जा. वर्गणीचा हिशोब भिंतीवर लावा. रात्री दहाला डीजे बंद करा, कायद्यानं नाही तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीसाठी. वस्ती राहण्यासारखी केली नाही आणि गेलेल्यांना गद्दार म्हणत बसलो, तर ते निव्वळ तोंडाळपण होईल.

काकांच्या जागेची रजिस्ट्री अजून झालेली नाही, नुसता बयाणा दिला आहे. रविवारी सकाळी सेकंड पाळी असल्यामुळं मी मोकळा आहे. आम्ही आठ-दहा पोरं त्यांच्याकडं जाणार आहोत. हा लेख त्यांना आधी वाचायला देणार, लाल पेनासकट. चुका त्यांनी काढाव्यात. मग वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागची खोली त्यांना दाखवणार. ती आम्ही झाडून ठेवली आहे. कपाट मावेल एवढी भिंत मोजून घेतली आहे.

तुमच्या वस्तीतही असा एक काका असेल. त्याची रजिस्ट्री व्हायच्या आत जा.

जयभीम.